ऑफिसातलं माइंडफुलनेस प्रशिक्षण: आठ आठवडे झाले, आता मत काय लिहून देऊ?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात आरोग्य विम्याच्या मदतकेंद्रात टीम लीड आहे. आमच्याकडे येणारा फोन साधारण असा असतो: पेशंटला सकाळी दहाला डिस्चार्ज सांगितलाय, दुपारचे चार वाजले, कॅशलेसची अंतिम मंजुरी आलेली नाही आणि मुलगा बिलिंगच्या खिडकीशी उभा राहून आमच्यावर ओरडतोय. त्याचं काही चुकत नाही. फोन घेणाऱ्या आमच्या मुलीचंही चुकत नाही, कारण मंजुरी देणारं खातं वेगळं, तिच्या स्क्रीनवर फक्त 'प्रक्रियेत' एवढा एकच शब्द. फोन संपला की नोंद करायला पाऊण मिनिट, की लगेच पुढचा. पाळी संपेपर्यंत हेच.

जानेवारीपासून आमच्या फ्लोअरवर २२ जणांसाठी आठ आठवड्यांचं माइंडफुलनेस प्रशिक्षण झालं, म्हणजे श्वासाकडे, अंगाकडे, आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष ठेवायचा सराव. समन्वय माझ्याकडे होता. आता व्यवस्थापनाला ते रात्रपाळीसकट सगळ्यांना, म्हणजे २४० लोकांना द्यायचंय. पण प्रशिक्षक नाही, मोबाइलवरचं ॲप. ज्याने त्याने आपापल्या वेळेत करायचं, आणि किती मिनिटं केलं ते लीडला दिसणार. माझं मत लेखी मागितलंय, पुढच्या शुक्रवारपर्यंत. तुमच्या कामाच्या ठिकाणी असं काही झालं असेल तर मोकळेपणाने लिहा. आधी माझा अनुभव सांगते.

हा आठ आठवड्यांचा साचा मुळात ऑफिससाठी नव्हताच. जॉन कबाट-झिन यांनी तो १९७९ साली अमेरिकेत वूस्टरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या पेशंटांसाठी. त्यात दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव आणि मधे एक अख्खा दिवस मौन. आम्हाला मिळाला आठवड्याला एक तास आणि घरी दहा मिनिटं. काढा बराच पातळ होता, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या तळहातावर एक मनुका ठेवला. बघा, बोटांत फिरवा, कानाशी धरा, वास घ्या, मग जिभेवर ठेवा, चावू नका. आमच्यात तासगावचा एक मुलगा आहे. त्याने वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, हा बेदाणा आहे. ह्याला डिपिंग ऑइल जास्त झालंय." सगळे त्याच्याकडे बघायला लागले. मग तो बोलतच राहिला. रॅकवर जाळ्या कशा ताणतात, द्राक्षांचे घड कसे त्या तेलाच्या पाण्यात बुडवून पसरतात, पंधरा दिवस आभाळाकडे कसं बघत बसायचं, आणि आत्ता बाबांचा माल रॅकवर आहे नि सांगलीकडे ढग आलेत. सकाळपासून त्याचे फोन चुकत होते. का ते मला त्या तासाला कळलं. मी त्याच्यापासून सहा फुटांवर बसते.

दुसरा प्रसंग तिसऱ्या आठवड्यातला. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायचं होतं. एक जण मधेच उठला, खुर्ची मागे सरकली, चेहरा पांढराफटक. २०२१ मध्ये त्याची आई ऑक्सिजनवर असतानाच वारली. स्वतःचा श्वास ऐकला की त्याला तोच वॉर्ड दिसायला लागतो. प्रशिक्षक बाई अनुभवी होत्या. त्यांनी त्याला डोळे उघडायला लावले, श्वास सोडून द्या म्हणाल्या, तळपाय जमिनीला कुठे टेकलेत तेवढंच बघा. पुढचे पाच आठवडे त्याने तळपायांवरच केलं, आणि पूर्ण केलं. ॲपमध्ये हे कोण बघणार?

आणि वेळ. पहिले तीन वर्ग जेवणाच्या सुट्टीत होते. लोक सात-आठ मिनिटांत डबा संपवून येत, डोळे मिटत आणि बाहेर वाजणाऱ्या फोनांचा हिशेब करत बसत. चौथ्या आठवड्यापासून मी भांडून साडेतीनची वेळ घेतली, त्या तासापुरते या २२ जणांचे फोन दुसऱ्या टीमकडे वळवले. त्याच दिवशी खोलीतली हवा बदलली.

फायदा झाला का? फोनची संख्या होती तेवढीच राहिली. फरक पडला तो फोन संपल्यानंतर. आधी फोन ठेवला की शेजारणीकडे वळून तोच फोन पुन्हा एकदा भांडायचा, जेवताना तिसऱ्यांदा, घरी नवऱ्यापाशी चौथ्यांदा. ते बरंचसं थांबलं. एक मुलगी पुढचा फोन घेण्याआधी डावा हात टेबलावर सपाट ठेवते, टेबलाचा गार स्पर्श जाणवला की मगच बटण दाबते. दोन सेकंद लागत असतील.

अजून एक गोष्ट निघाली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पण आधी तुमचं ऐकू दे.

कोषागार_निवृत्त

मुळाकाठताई, धागा वेळेवर काढलात.

मी राज्य शासनाच्या लेखा विभागात बत्तीस वर्षे काढली. परावर्तित रजा टाकून इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर केले. कर्मचाऱ्यांना अशा शिबिरासाठी रजा मिळण्याची सोय शासनाने करून ठेवली आहे, हे अनेकांना ठाऊकच नसते.

कार्यालयात ध्यान ही अमेरिकेतून आलेली कल्पना आहे असे आपण धरून चालतो. सयाजी ऊ बा खिन हे १९४८ साली, ब्रह्मदेश स्वतंत्र झाला त्याच वेळी, तिथले महालेखापाल झाले. म्हणजे आमच्याच जातकुळीतले, व्हाउचर आणि ताळेबंदातले. त्यांनी आपल्या कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिकवायला सुरुवात केली, १९५० साली त्यासाठी कार्यालयात रीतसर मंडळ काढले आणि १९५२ साली रंगूनमध्ये केंद्र उभे केले. सत्यनारायण गोयंका हे तिथले व्यापारी, अर्धशिशीने बेजार होते, १९५५ साली त्यांच्याकडे शिकले. पुढे १९६९ साली ते भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीचे केंद्र सुरू झाले. आपल्याकडे विपश्यना आली तीच मुळी एका सरकारी लेखा कार्यालयाच्या वाटेने.

यात मला भावते ती एक बाब. तिथे शिकवणारा स्वतः खातेप्रमुख होता आणि स्वतः बसत होता. तुमच्याकडे त्या २२ जणांत वरचे किती होते?

मुळाकाठ

काका, एकही नाही. हे लिहून घेते. ऊ बा खिन यांचं नाव ऐकलं होतं, पण ते महालेखापाल होते हे आज कळलं.

चाकणकर_फिटर

मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

आमच्या प्लांटला गेल्या वर्षी असंच आलं. शिफ्टच्या आधी पंधरा मिनिटं शांत बसायचं. छान. पण ती पंधरा मिनिटं कुणाची? साडेसहाची शिफ्ट, म्हणजे सव्वासहाला गेटच्या आत. बस त्याप्रमाणे लवकर. राजगुरुनगरहून येणारा माणूस पाचला उठायचा तो पावणेपाचला उठायला लागला. त्या पंधरा मिनिटांचा पैसा नाही, कार्ड पंच साडेसहाचंच. आणि लाइनचा वेग तोच, एका स्टेशनला दोन माणसांच्या जागी एक, तोही तसाच.

झोप कापून शांती देता येत नाही. युनियनने लावून धरलं तेव्हा बंद झालं.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचं २०२४ चं संशोधन बघा. ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कामगारांची माहिती तपासली. माइंडफुलनेस, ताण-व्यवस्थापन, ॲप, असल्या गोष्टींत भाग घेतलेले आणि न घेतलेले यांच्या बरं वाटण्यात फरक सापडला नाही. समाजकामात भाग घेणं तेवढं जरा वेगळं निघालं. आणि जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०२१ मध्ये सांगितलंय, आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्याला पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त, ३५ ते ४० तास काम करणाऱ्याच्या तुलनेत. यावर डोळे मिटणं हे औषध नाही. तास कमी करा, माणसं वाढवा.

सायली_के

चाकणकरदादा, +१००. आमच्या बँकेत असंच ॲप दिलं होतं. रात्री दहाला "आज तुम्ही श्वास घेतला नाही" असा मेसेज यायचा. मी काढून टाकलं.

वॉर्ड_नंबर_सात

मी सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स, सोलापूर. चाकणचे दादा म्हणतात ते खरंय. आमच्या वॉर्डात रात्री दोघी सिस्टर आणि पेशंट किती ते विचारू नका, काही खाली गादीवर असतात. तरीही मला एक सांगायचंय, कारण मला त्याचा उपयोग झालाय आणि तो कुणी माझ्याकडून काढून घेऊ नये असं वाटतं.

आम्हाला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. त्यातलं जवळपास सगळं विसरले. एक राहिलं. त्या मॅडम म्हणाल्या, तुम्हाला वेगळा वेळ मिळणार नाही, मग जे काम तुम्ही दिवसात पन्नास वेळा करताच त्यातच करा. आमचं ते काम म्हणजे हात धुणं. साबणाने नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, तसा तक्ताच बेसिनवर लावलेला असतो. पूर्वी धुताना मी पुढच्या खाटेचं इंजेक्शन मनात मोजायची. आता पाणी मनगटावर कुठपर्यंत येतं, फेस अंगठ्याच्या मुळाशी पोचला का, एवढंच बघते. हात स्वच्छ होतातच, आणि आधीच्या खाटेवरचं त्या खाटेवर राहतं. एका रात्री पाच नंबरची आजी गेली, आणि लगेच सहा नंबरला बाळंतिणीचं सलाइन लावायचं होतं. माझे हात थरथरत होते. बेसिनशी गेले, धुतले, तेवढ्या वेळात हात थांबले. शीर पहिल्यांदाच मिळाली.

हे शिकवायला कुणाची झोप कापावी लागली नाही. पण दोन दिवस ड्युटीतून सोडलं होतं आणि बदली सिस्टर दिली होती. ते नसतं तर मीही शिकले नसते.

मुळाकाठ

सिस्टर, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. उद्या आमच्या मुलींना वाचून दाखवते.

निवांत_भान

अवांतर होतंय, पण शब्दाबद्दल. 'माइंडफुलनेस' हा पालीतल्या 'सति'साठी ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ च्या सुमारास रूढ केलेला इंग्रजी शब्द. सति म्हणजेच स्मृती. आपण तो इंग्रजीतून परत घेतो आणि 'सजगता' असं जड भाषांतर करतो. साधा 'भान' शब्द आहे की. भान सुटतं, माणूस भानावर येतो. सरावही अक्षरशः हाच असतो, सुटलं की यायचं. आमच्या ऑफिसात मराठीतून वर्ग झाला तेव्हा शिपाईकाका आणि ड्रायव्हर पहिल्यांदा येऊन बसले. इंग्रजी वर्गाला ते दाराशी उभे असायचे.

मुळाकाठ

अवांतर मुळीच नाही. आमच्याकडे फोन घेतात मराठी-हिंदीतून आणि प्रशिक्षण होतं इंग्रजीतून! कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

मानस_तळेगाव

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. दोन्ही बाजूंचं थोडं सांगते.

फ्लेमिंग यांच्या कामात एकाच वेळची पाहणी आहे. भाग घेणारे मुळातच जास्त ताणात असतील तर फरक झाकला जाऊ शकतो. त्यांनी ते तपासायचा प्रयत्न केलाय, तरी या प्रकारच्या पाहणीला ती मर्यादा राहतेच. दुसऱ्या बाजूला २०१४ मध्ये ध्यान-कार्यक्रमांच्या ४७ चाचण्यांचा, ३,५१५ लोकांचा एकत्र आढावा निघाला. त्यात चिंता, उदासी आणि वेदना यांत मध्यम प्रतीचा पुरावा सापडला, परिणामही माफकच. लक्ष, झोप, वजन यांबाबत पुरावा पुरेसा नव्हता. म्हणजे उपयोग आहे, बेताचा आहे, आणि जाहिरातीत सांगतात तेवढा तर नाहीच.

तुमच्या त्या ऑक्सिजनवाल्या मुलाचं जे झालं ते आम्ही नेहमी पाहतो. ज्याच्या मनात श्वासाशीच आघात जोडलेला आहे त्याला 'श्वासाकडे लक्ष द्या' सांगणं म्हणजे खपली ओढणं. डोळे उघडे ठेवून आवाज, तळपाय, हातातली वस्तू, काहीही चालतं. त्या बाईंनी अगदी बरोबर केलं. नव्या तुकडीत पहिल्याच दिवशी सगळ्यांना हा पर्याय द्या, कुणाला हात वर करून मागायला लावू नका.

आणि प्रशिक्षण हा उपचार नव्हे. रात्रपाळीत कुणी झोपेशिवाय, जेवणाशिवाय राहत असेल, मरणाचे विचार बोलून दाखवत असेल, तर त्याला वर्गात बसवू नका, मदतीपर्यंत पोचवा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर फ्लोअरवर लावा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वंही तुमच्या टिपणात घालता येतील. त्यात कर्मचाऱ्याला शिकवण्याबरोबरच कामाची रचना बदलण्याची आणि व्यवस्थापकांना प्रशिक्षण देण्याची शिफारस आहे.

मिनिटं लीडला दिसणार, हे मात्र कृपा करून होऊ देऊ नका. ज्या गोष्टीचे गुण मोजले जातात ती लोक गुणांसाठी करतात, आणि ॲप चालू करून मोबाइल बाजूला ठेवतात.

मेलबर्नहून

वाचतोय. इथे ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर ऑफिसचा फोन-मेल न उचलण्याचा हक्क कायद्याने मिळाला. माझ्या कंपनीत ध्यानाची खोलीही आहे. खरं सांगू, खोलीपेक्षा त्या कायद्याने मला जास्त झोप दिली. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये असंच खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं.

चाकणकर_फिटर

नर्सताईंचं वाचून एक दुरुस्ती करतो. मी सगळंच टाकाऊ म्हणत नाही. तुम्हाला बदली माणूस दिला, हा मुद्दा आहे. आम्हालाही शिफ्टमधली पंधरा मिनिटं लाइन थांबवून दिली असती तर मी पहिला बसलो असतो. प्रेसवर काम करताना लक्ष उडालं की बोट जातं, आमच्याइतकी भानाची गरज कुणाला आहे?

मुळाकाठताई, ती राहिलेली महत्त्वाची गोष्ट काय ते सांगा आता.

मुळाकाठ

सांगते.

सहाव्या आठवड्यात प्रशिक्षकांनी एक काम दिलं होतं. दिवसभरात अंग नेमकं कधी आवळलं जातं ते टिपून ठेवायचं. खांदा, जबडा, पोट, काहीही. मला वाटलं होतं सगळे लिहिणार, गिऱ्हाईक ओरडतं तेव्हा. २२ पैकी चौदा जणांच्या कागदावर वेगळंच होतं. ओरडणं ऐकताना नाही, तर स्वतःच्या तोंडून "तुमची फाइल प्रक्रियेत आहे" हे वाक्य निघतं तेव्हा. तासगावच्या मुलाने लिहिलं होतं, "हे वाक्य बोलताना मी श्वास धरून ठेवतो." कारण त्यांना माहीत असतं की त्या वाक्यात काहीच नाही. खिडकीशी उभ्या माणसाला आपण काहीच देत नाही आहोत. ओरडणं त्यांना सोसतं. पोकळ बोलणं सोसत नाही.

मी नऊ वर्षं या कामात आहे, आणि आम्ही आजवर त्यांना रागावलेल्या गिऱ्हाइकाला कसं हाताळायचं हेच शिकवत आलो.

विमा नियामकाने २०२४ मध्ये डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीला तीन तासांची मर्यादा घातली. फाइल त्या तीन तासांत कुठल्या टेबलावर आहे ते मंजुरी खात्याला दिसतं. आमच्या स्क्रीनवर मुद्दाम दाखवलेलं नाही, 'गोंधळ नको' म्हणून. माझ्या टिपणात मी हेच पहिलं लिहिणार आहे. बाकी प्रशिक्षण कामाच्या वेळेत, फोन वळवून, मराठीतून, मिनिटांची नोंद लीडकडे नाही, श्वासाला पर्याय पहिल्या दिवसापासून, आणि काकांच्या सांगण्यावरून, खातेप्रमुखाने स्वतः तुकडीत बसायचं. शनिवारी मसुदा इथे टाकते, चुका काढा.

कोषागार_निवृत्त

त्या चौदा कागदांच्या प्रती, नावे काढून, टिपणाला जोडा. वरच्या अधिकाऱ्याला मत परतवता येते, जोडपत्र परतवता येत नाही. हा बत्तीस वर्षांचा अनुभव.

मुळाकाठ

(तीन आठवड्यांनंतर)

उशीर झाला, माफ करा. काका, जोडपत्रांनीच काम केलं. बैठकीत मोठ्या साहेबांनी ते चौदा कागद एकेक करून स्वतः वाचले.

ॲपची खरेदी सध्या थांबवली आहे, रद्द केलेली नाही. रात्रपाळीची पहिली तुकडी पंधरा जणांची, रात्री दीड ते अडीच, फोन वळवून, वर्ग मराठीतून. कामकाज प्रमुख नाव देऊन बसणार आहेत, पहिल्या तासाला आले होते. दिवसपाळीचं पुढच्या तिमाहीत बघू म्हणाले, मी पाठपुरावा सोडणार नाही. १४४१६ चा कागद पाणी पिण्याच्या जागेशी लावला आहे.

आणि सोमवारपासून स्क्रीनवर 'प्रक्रियेत'च्या जागी दोन ओळी दिसतात, फाइल कुणाकडे आहे आणि काय यायचं बाकी आहे. मी मागितल्या होत्या चार, मिळाल्या दोन. काल संध्याकाळी सहाला तासगावच्या मुलाच्या शेजारी मुद्दाम उभी राहिले. पलीकडे एक बाई रडत होत्या. तो म्हणाला, "ताई, फाइल आमच्या मंजुरीच्या डॉक्टरांच्या टेबलावर आहे. हॉस्पिटलकडून इनडोअर पेपर यायचे बाकी आहेत. तुम्ही बिलिंगलाच उभ्या आहात ना? त्यांना एवढंच सांगा, इनडोअर पेपर मेल करा. मी लाइनवर थांबतो."

तो लाइनवर थांबला. खांदे खाली होते.